आत्याबाईंचं विरजण

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "मृणाल इनामदार. कंबर एकवीस दिवसांत दीड इंचाने कमी. संशयास्पद."

मोरपंखी खणावरून सरकणारं यंत्राचं पातं जागच्या जागी थबकलं. रोहिणी बारटक्केने कपाळाला हात लावला. समोरच्या खुर्चीत नवऱ्या मुलीची आई, माधुरीताई इनामदार, बसल्या होत्या. गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत बोलायचं नाही हा रोहिणीच्या शिलाईकामातला पहिला नेम, आणि तिच्याच घरच्या कॉम्प्युटरने तो मोडला होता.

"संशयास्पद?" माधुरीताईंच्या भुवया वर चढल्या. "पोरगी लग्नासाठी महिनाभर उकडलेल्या भाज्या खातेय, त्यात संशय कसला?"

"मनावर घेऊ नका हो, ताई. जरा काही बदललं की हिचं हे असंच चालतं."

"अगं, पण लग्न आठ दिवसांवर आलंय! अकरा ब्लाउज व्हायचेत. ही राखण ठेवलीयस की खाष्ट सासू?"

 रोहिणीने टेप घेतला, कालच्या कागदावरचा आकडा पुन्हा एकदा कॉम्प्युटरला वाचून दाखवला, मग आणखी एकदा वाचून दाखवला, तेव्हा कुठे आत्याबाईंची खात्री पटली आणि पातं पुढे सरकलं.

आत्याबाई म्हणजे कोणी हाडामांसाची बाई नव्हे. ती रोहिणीच्या कॉम्प्युटरची राखण. नाव आधी काहीतरी वेगळं होतं, पण जिथे तिथे नाक खुपसायच्या सवयीमुळे कराडच्या त्या बेचाळीस घरांच्या संगम कॉलनीत तिला सगळे आत्याबाईच म्हणत, आणि तेही बहुवचनात.

राखणीची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. पूर्वी घरचा कॉम्प्युटर उपद्रवी प्रोग्रामपासून सांभाळायचा म्हणजे पोलीस चौकीत चोरांचे फोटो लावण्यातला प्रकार होता. अँटिव्हायरसकडे एक यादी असायची. यादीतला चेहरा दारात दिसला की धरायचा आणि हाकलायचा. दर आठवड्याला यादीत नवे फोटो. हे बरी वीस-पंचवीस वर्षं चाललं. पुढे असे प्रोग्राम लिहायचं काम यंत्रंच करायला लागली, दर घरासाठी नवा, दर तासाला नवा. एकदा दिसलेला चेहरा पुन्हा दिसेनासा झाला. मग भिंतीवरच्या फोटोंची काय पूजा करायची?

उत्तर सापडलं ते माणसाच्या अंगात. आपल्या शरीराला जगातले सगळे रोगजंतू कुठे माहीत असतात? पण आपलं काय आहे, ते त्याला पक्कं माहीत असतं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींची छातीतल्या एका ग्रंथीत आधी परीक्षा होते. आपल्याच पेशींवर धावून जाणाऱ्या तिथेच बाद होतात. ज्या पास होतात त्या पहाऱ्यावर निघतात आणि जे आपलं नाही त्याच्यावर तुटून पडतात. राखणीतही तेच केलेलं होतं. आधी हजारो बारीकबारीक पारखी तयार व्हायचे आणि घरात राहून घराचं वळण बघायचे. कोण कसं टाइप करतं, कोणती फाइल कोणत्या फाइलनंतर उघडतं, कोण वस्तू जागेवर ठेवतं, कोण नुसतीच टाकतं. घरच्याच चालीरीतींवर ओरडणारे पारखी काढून टाकायचे. उरलेल्यांना चोर ओळखता आला नाही तरी परका ओळखता यायचा, आणि तेवढं पुरायचं.

अडचण एकच होती. घराचं वळण अंगवळणी पडायला राखणीला दीड वर्ष लागायचं. तेवढा दम कोणाला? मग कळलं, की मुरलेल्या राखणीतला नखाएवढा भाग नव्या राखणीत घातला, तर ती एका रात्रीत तयार होते. शास्त्रज्ञांनी या क्रियेला भलंमोठं नाव दिलं होतं. बायकांनी आठवड्याभरात त्याचं विरजण केलं. माहितीपत्रकात एक सूचनाही होती, की एकाच घरचं विरजण फार घरांत नेऊ नये. पण माहितीपत्रकं वाचतं कोण? ती पोळीच्या डब्यात तळाशी घालायला बरी पडतात.

संगम कॉलनीत विरजण म्हटलं की माधुरीताईंचं. त्यांचं दही सुरीने वड्या पाडाव्यात असं लागायचं, आणि त्यांची राखणही तशीच निघाली. शांत, शहाणी, कशाला नाही म्हणायची नाही. साहजिकच होतं. इनामदारांच्या घरात चमचासुद्धा विचारल्याशिवाय हलत नसे. जे आत आहे ते आपलंच आणि जागच्या जागी आहे, हेच त्या राखणीने दीड वर्षात पाहिलेलं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस घरांत आता त्याच विरजणाची राखण होती. उरलेल्या तिघांपैकी दोघांकडे कॉम्प्युटरच नव्हता, आणि तिसरी रोहिणी.

रोहिणीकडच्या आत्याबाई मात्र विरजणावाचून लागलेल्या. तिच्या लेकीने, केतकीने, सात वर्षांपूर्वी कॉलेजात असताना त्या हौसेने मुरवल्या होत्या, आणि मुरवल्या कुठे, तर शिंप्याच्या घरात. दिवसभर तीस बायकांची ये-जा. कोणी फोनवरचा गळा दाखवतंय, कोणी बाहीचा फोटो पाठवतंय, कोणाचं पोर मध्येच कळा दाबतंय. त्यात रोहिणीची सासूकडून आलेली एक सवय. लिहिलेल्या मापावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. माणूस उभं करायचं, पुन्हा टेप लावायचा, मगच कापायचं. "कापड कापलं की ब्रह्मदेवालाही जोडता येत नाही," असं सासू म्हणायची. हे सगळं बघत आत्याबाई वाढल्या. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो. आत्याबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

रोज पहाटे पाच वाजता त्या घरातली प्रत्येक फाइल उघडून कालच्या आकड्यांशी ताडून बघत. कोणी सांगितलं नव्हतं, पण घराची रीतच तशी. त्यात तासभर जायचा आणि तोवर बाकी काही चालायचं नाही. मध्ये एकदा रोहिणीच्या बोटात सुई गेली, पट्टी बांधून टाइप करायला बसली, तर आत्याबाईंनी खुद्द मालकिणीलाच दीड दिवस बाहेर उभं केलं होतं.

तरी रोहिणीने त्यांना ठेवलं होतं, कारण राखायला तसंच काही होतं. अडतीस वर्षांची मापं. आठशेवर बायकांची छाती, कंबर, दंड, पाठ. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या एका बाजूला ऑपरेशननंतर कापूस भरायचा. हे कोणाला कळणार नाही, असा शब्द तिने दिलेला होता, म्हणून मापं घराबाहेर कुठे ठेवायची नाहीत, असा तिचा हट्ट. कागदाच्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यावर एका पुरात गेल्या. आता जे होतं ते त्या कॉम्प्युटरमध्ये. त्यात सासूने हाताने काढलेला मुंढ्याचा बाक होता, जिथे बाही खांद्याला मिळते तिथला. तो बाक असा, की हात वर केला तरी ब्लाउज ओढत नाही. त्यासाठी साताऱ्याहून बायका यायच्या. आणि त्यातच केतकीची मापं होती, पहिल्या झबल्यापासून लग्नाच्या शालूवरच्या ब्लाउजपर्यंत. नवरा गेल्यावर काही दिवस रोहिणी ती नुसतीच उघडून बसायची.

त्या दिवशी माधुरीताई उठता उठता दारात थांबल्या.

"बाकी अभिनंदन हं! आजी होणार म्हणे तू. केतकीने मृणालला व्हिडिओ पाठवला ना, सोनोग्राफीचा. किती गोड!"

रोहिणी टेप हातात धरून उभीच राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं.

माधुरीताई गेल्यावर तिने थेट आत्याबाईंनाच विचारलं. उत्तर आलं, "केतकीकडून एक व्हिडिओ. चार दिवसांपूर्वी. त्यात अनोळखी व्यक्ती. बाजूला ठेवला आहे."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. 'संशयास्पद: ४७' या यादीत चोविसावा."

रोहिणीने कोचीला फोन लावला. केतकी म्हणाली, "आई, मला वाटलं तू पाहिलास आणि काही बोलली नाहीस. मी चार दिवस वाट बघतेय. म्हटलं, तुला आनंद झाला नाही की काय..."  रोहिणीने तिला समजावलं, दोघी थोड्या रडल्या, थोड्या हसल्या. पण फोन ठेवला तेव्हा रोहिणी रागाने धुमसत होती. पोटच्या पोरीची इतकी मोठी बातमी शेजारणीकडून कळावी? पुरे झाली ही राखण. व्हिडिओ बघायचा तो आता घरात शहाणी राखण आणल्यावरच, असं ठरवून ती तशीच तावातावाने इनामदारांकडे निघाली.

कार्तिक सरत आलेला, दिवस लवकर मावळत होता. माधुरीताईंनी नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता.

"ताई, मला तुमचं विरजण द्या. आत्ताच्या आत्ता. आत्याबाईंना काढून टाकते."

"अगं बाई! शेवटी आलीस ना वळणावर?" माधुरीताईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी विरजणाची चिप ठेवायची छोटी स्टीलची वाटीसुद्धा हातात घेतली, आणि मग त्यांची नजर दिव्याकडे गेली. "पण आत्ता नाही गं. दिवेलागण झाली. उद्या सकाळी ये."

"अहो, हे काय दह्याचं विरजण आहे?"

"विरजण ते विरजण. दिवे लागल्यावर घरातून विरजण बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यातून लग्नघर. सात वर्षं थांबलीस, एक रात्र थांबायला काय होतंय?"

रोहिणी हात हलवत परत आली. राग अजून होताच, आणि तो कुठेतरी काढायला हवा होता. तिने संशयितांची यादी उघडली. लेकीच्या व्हिडिओला तिने हात लावला नाही, तो रागात बघायचा नव्हता. पण त्याच्या खालीच मृणालच्या लग्नाचं गाणं वाजवणारं आमंत्रण होतं, सगळ्या कॉलनीने कौतुकाने पाहिलेलं आणि आत्याबाईंनी चार दिवस दाराशी रोखलेलं.

"हे आत घे," ती म्हणाली.

"ओळख पटत नाही."

"घरचंच आहे! मी सांगतेय ना?"

आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

"घरचं आहे, घरचं आहे, घरचं आहे!" रोहिणी ओरडली. आमंत्रण उघडलं, सनई वाजली, फुलं पडली. तिला बरं वाटलं आणि ती वरण-भात खाऊन झोपली.

सकाळी सात वाजता ती चिवड्याचा डबा घेऊन इनामदारांच्या दारी पोचली. विरजण आणायला रिकाम्या हाताने कसं जायचं? दारात दुधाच्या नऊ पिशव्या. माधुरीताई कमरेवर हात ठेवून दूधवाल्याशी बोलत होत्या.

"मी तीन लिटर सांगितलं होतं!"

"मावशी, तुमच्या कॉम्प्युटरनं नऊ सांगितलं. म्हटलं लग्नघर आहे. आणि समोरच्या जोशांनी आज शून्य सांगितलंय, त्यांच्याकडं काय उपास हाय का?"

रोहिणीला हसू आलं. तेवढ्यात आतून इनामदार साहेबांचा आवाज आला, "अगं, आजपासून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात का?" ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. औषधाच्या डबीने पुढे केलेल्या रक्तदाबाच्या सात गोळ्या त्यांनी आज्ञाधारकपणे तळहातावर घेतल्या होत्या आणि ते पाण्याचा पेला शोधत होते. रोज ते एकच घेत. माधुरीताईंनी धावत जाऊन त्यांच्या हातावर फटका मारला. गोळ्या फरशीवर उडाल्या आणि सगळ्यांचं हसू तिथेच थांबलं.

अर्ध्या तासात कॉलनीभर एकच गलका झाला. कोणाच्या परीक्षेची तारीख हललेली, कोणाच्या लोणच्यात दोन चमच्यांऐवजी आठ चमचे मोहरी, आणि मृणालचा अकराचा मुहूर्त सतराचा झालेला. दुपारपर्यंत बातम्यांत नाव आलं: कसर. ही काही कुलूप लावत नव्हती की काही मागत नव्हती. ट्रंकेतल्या शालूला लागते तशी ती आतून खायची. शंभर आकड्यांतला एखादाच बदलायची. चार-पाच दिवस झोपून राहायची आणि ठरलेल्या एका पहाटे सगळ्या घरांत एकदम उठायची. जपून ठेवलेल्या नकला रोज आपोआप ताज्या होतात, त्यामुळे चुकीचा आकडा नकलेतही जाऊन बसायचा. असं करून कोणाच्या पदरात काय पडतं? उभ्या गाडीवर खिळ्याने ओरखडा ओढणाऱ्याच्या तरी काय पडतं? कॉलनीत ती आली होती मृणालच्या आमंत्रणातून. फुकटात आमंत्रण बनवून देणाऱ्या कुठल्याशा साइटवर मृणालने ते हौसेने केलं होतं. एकोणचाळीस घरं, पण राखण एकच. एका दारातून आत शिरलेल्या कसरीला बाकीची अडतीस दारं उघडीच होती.

रोहिणी बातमीसाठी थांबलीच नव्हती. गोळ्या फरशीवर उडाल्या तेव्हाच तिला आत्याबाईंनी चार दिवस अडवलेलं ते आमंत्रण आठवलं होतं. रात्री तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, घरचं आहे म्हणून, तेही तीन वेळा. चिवड्याचा डबा तिथेच टाकून ती घरी धावली. आठशे बायकांची मापं. एकेक आकडा खाल्लेला असेल, तर कोणता खरा आणि कोणता खोटा हे आता कोण सांगणार?

पडद्यावर लिहिलं होतं: सगळं थांबवलं आहे. मोजणी चालू.

तिने केतकीला फोन लावला. हे काम केतकीचं रोजचंच, ती कोचीच्या बंदरातल्या यंत्रांच्या राखणी सांभाळायची. "आई, घाबरू नकोस. मला दुरून आत बघू दे."

"केतकी बारटक्के," आत्याबाई म्हणाल्या. "आवाज जुळतो. हात जुळत नाही. येऊ द्यायचं का?"

"येऊ दे बाई तिला," रोहिणी म्हणाली. "येऊ दे."

दहा मिनिटं केतकी आतल्या नोंदी चाळत होती. रोहिणी टेप बोटांना गुंडाळत आणि सोडवत बसली. मग पलीकडून विचित्र आवाज आला. आधी तिला वाटलं, पोरगी रडतेय. केतकी हसत होती.

"आई, पाच वाजून दहा मिनिटांनी कसर उठली आणि तिने पहिल्या फाइलमधला एक आकडा बदलला. नेमक्या त्याच वेळी आत्याबाई रोजची मापं घेत होत्या. कालच्याशी जुळेना म्हणून पुन्हा माप घेतलं. तरी जुळेना. मग त्यांनी आमंत्रणासकट सगळं दाबून धरलं. एकच आकडा गेलाय. बाकी सगळं जसंच्या तसं आहे."

"पण मीच तिला आत घेतलं होतं गं. घरचं आहे म्हणून सांगितलं होतं."

"हो, लिहून ठेवलंय इथे. 'मालकीण म्हणतात घरचं आहे. तरी मोजावे.'" केतकीला पुन्हा हसू फुटलं. "आई, मी हे शिकवलेलं नाही हं. ही तू आहेस. मी दहावीत पंच्याण्णव टक्के मिळाले म्हणून सांगितलं, तेव्हा तूही गुणपत्रिका दोनदा बेरीज करून पाहिली होतीस."

"मालकीण," आत्याबाई मध्येच म्हणाल्या. आपला अपमान झालाय की कौतुक, हे त्यांना कळत नव्हतं. "फाइल पहिली. मुंढ्याचा बाक. काल साडेपाच, आज साडेआठ. खरं कोणतं?"

रोहिणीने डोळे मिटले. सासूचा हात तिला दिसला, खडूने पांढरा झालेला. खांद्यापासून किती उतरायचं आणि कुठे वळायचं, ते त्या हाताने तिच्या हाताला धरून शिकवलं होतं. हे माप तिच्या बोटांत होतं, तिथे कुठली कसर पोचणार?

"साडेपाच."

"पुन्हा सांगा."

"साडेपाच!" रोहिणी म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. ज्या हट्टापायी लेकीची बातमी अडली, त्याच हट्टाने घर वाचलं होतं. हिला रात्री घराबाहेर काढलं असतं तर? एका दिवेलागणीने वाचवलं.

दुपारी रोहिणीच्या अंगणात वाट्या घेऊन बायका जमल्या. आत्याबाईंना नावं ठेवणाऱ्यांत ज्या पुढे असायच्या, त्या आता रांगेतही पुढे होत्या. रोहिणी देणारही होती. पण फोनवरून केतकीने हटकलं. "आई, सगळ्यांना तुझंच दिलंस तर तीन वर्षांनी हेच होणार. आत्याबाईंचंही काहीतरी चुकत असेल, ते अजून कोणाला सापडलेलं नाही एवढंच. दर घरी वेगळं लागलं पाहिजे."

"मग या बायकांनी विरजण आणायचं कुठून?"

केतकी विचार करत होती तोवर रोहिणीची नजर अंगणातल्या बायकांवरून फिरली. ही कागलची, ही अकलूजची, ती दोघी विट्याच्या असल्या तरी वेगवेगळ्या घरच्या, ती पार भुसावळची. दह्याला कमी पडलं तर माणूस शेजारी जातो, सोय म्हणून. पण मसाल्याचं प्रमाण, पापडाचं पीठ, ओटीचे गहू या बायका आणायच्या कुठून?

"माहेराहून आणा," ती म्हणाली. "प्रत्येकीने आपापल्या माहेराहून."

अंगणात एकदम तीस-चाळीस फोन लागले. भुसावळची वहिनी फोनवर म्हणाली, आमची राखण फार शिव्या देते, चालेल का? चालेल, चालेल, म्हणून सगळ्या हसल्या. संध्याकाळच्या गाड्यांनी चिपा निघाल्यासुद्धा, कारण विरजण तारेवरून पाठवायचं नसतं, हातोहात द्यायचं असतं. तीही सूचना माहितीपत्रकात होती, आणि आता सगळ्यांनी डबे रिकामे करून ती वाचली होती.

दिवे लागले. रोहिणी मृणालच्या दुसऱ्या ब्लाउजला अस्तर लावत होती. मृणाल दुपारी स्वतः येऊन उभी राहिली होती आणि माप पुन्हा घेतलं तेव्हा ते सुतभरही चुकलं नव्हतं. दारात माधुरीताई आल्या. हातात तीच छोटी स्टीलची वाटी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सगळ्यांना मुहूर्ताचे फोन केले," त्या म्हणाल्या. "कॉलनीत तोंड दाखवायला जागा नाही राहिली, रोहिणी. माझंच विरजण आणि माझ्याच घरचं आमंत्रण."

"काहीतरीच काय, ताई? तुमचं दही अजून कॉलनीत पहिल्या नंबरचंच आहे."

माधुरीताई कशाबशा हसल्या. मग वाटीकडे बघत म्हणाल्या, "माहेराहून आणा म्हणालीस. माझं माहेर आता कुठे राहिलंय गं? आईवडील गेले, घर विकलं, भाऊ दोघेही परदेशात. मी कोणाकडे मागू?"

रोहिणीने सुई कापडात खोचली. या बाईला गेली सात वर्षं ती टेचात चालताना पाहत आली होती आणि त्या टेचाचा मनातून थोडा हेवाही करत आली होती. आता तिला फक्त त्यांच्या हातातली वाटी दिसत होती.

"दिवेलागण झालीय, ताई," ती मुद्दाम म्हणाली.

माधुरीताईंनी मान खाली घातली. "हो. उद्या सकाळी येते."

"थांबा हो! काल तुम्ही नाही म्हणालात म्हणून तर मी वाचले. माझी सासू म्हणायची, अगदीच नड असेल तर वर तुळशीचं पान ठेवून द्यावं, चालतं." तिने चिप वाटीत ठेवली, अंगणातून एक पान खुडून वर ठेवलं आणि वाटी माधुरीताईंच्या हातात दिली. "आणि हे घर माहेरच समजा. पण घरात थोडा पसारा होऊ द्या. नाहीतर आत्याबाई उपाशी मरतील."

माधुरीताईंनी वाटी पदराखाली झाकून घेतली, लहान मुलीसारखी, आणि रोहिणीचा हात घट्ट धरला. त्या गेल्यावर पुन्हा केतकीचा फोन आला.

"आई, एक मागायचं होतं. बाळ येईल तोवर घरची राखण नव्याने लावायची म्हणतेय. माझ्या सासूबाईंकडचं विरजण आणि तुझं, दोन्ही मिसळून."

"माझं? अगं, तूच म्हणायचीस ना, आत्याबाईंना म्युझियममध्ये ठेवायला हवं म्हणून?"

"म्हणायचे. आता माहेर म्हणून मागतेय. देशील?"

"येताना मीच घेऊन येईन," रोहिणी म्हणाली. 

फोन ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली. यादीतला चोविसावा व्हिडिओ अजून तिथेच होता. तिने तो उघडला. करड्या अंधारात काहीतरी हललं. एक वाटोळं डोकं, त्याखाली पाठीचा बाक, आणि मग एक हात वर गेला. खांद्यापासून तो हात असा मोकळा वर गेला, की रोहिणीने नकळत टेप उचलला. कोपऱ्यात डॉक्टरांनी आकडा लिहिला होता, डोक्यापासून बुडापर्यंत साडेबारा सेंटिमीटर. तिने मापांचं नवं पान काढलं. नावाची जागा कोरी ठेवली आणि पहिला आकडा लिहिला.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "अनोळखी व्यक्ती. कोण?"



"घरचं आहे," रोहिणी हळूच म्हणाली.

"पुन्हा सांगा."

आणि तिने अगदी आनंदाने पुन्हा सांगितलं.